पेट्रोल कारवरून इलेक्ट्रिकवर येताना: आधी पार्किंग, मग शोरूम

इलेक्ट्रिक कार घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण थेट शोरूम गाठतात. टेस्ट ड्राइव्ह होते, घरच्यांना गाडी आवडते, बुकिंग होतं आणि मग सोसायटीच्या कमिटीपुढे चार्जिंग पॉइंटचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. तोवर गाडी दारात उभी आणि मालक दर दोन दिवसांनी सार्वजनिक चार्जरवर रांगेत. इलेक्ट्रिक कारचा सगळा फायदा घरच्या चार्जिंगवर उभा आहे. तो पाया नसेल तर खर्चाची बचत बरीच कमी होते आणि मनस्ताप मात्र पुरेपूर मिळतो. म्हणून क्रम असा ठेवा: रनिंगचा हिशोब, पार्किंग, परवानगी, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी गाडी.

पहिली पायरी: रनिंग कागदावर मांडा

सर्व्हिसच्या बिलांवर किलोमीटरचे आकडे असतात. दोन बिलांमधला फरक काढला की महिन्याची सरासरी कळते. त्यातले शहरातले किती आणि हायवेचे किती, हे वेगळं लिहा, कारण दोन्हीचं गणित निराळं आहे.

पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. शहरात १४ चा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला साधारण ७ रुपये ४० पैसे खाते. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार शहरात बॅटरीतल्या एका युनिटवर साडेसहा किलोमीटर जाते. पण एसी चार्जिंगमध्ये भिंतीपासून बॅटरीपर्यंत जाताना १० ते १५ टक्के वीज वाया जाते, म्हणजे मीटरवरच्या एका युनिटला ५.७ किलोमीटर धरा. वीज सरासरी १२ रुपये युनिट पडली तर किलोमीटरला २ रुपये १० पैसे. किलोमीटरमागे ५ रुपये ३० पैसे वाचले.

हायवेवर चित्र बदलतं. तीच पेट्रोल गाडी १८ चा अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे ५ रुपये ८० पैसे. इलेक्ट्रिक कार मात्र वेगात साडेपाच किलोमीटरवर येते आणि फास्ट चार्जरवर जीएसटी धरून युनिट २४ रुपयांना पडलं, तर खर्च ४ रुपये ३५ पैसे. बचत दीड रुपयाच्या आत. ज्यांचं रनिंग मुख्यतः लांबच्या प्रवासाचं आहे आणि घरी चार्जिंग नाही, त्यांनी आज पेट्रोल किंवा सीएनजीच ठेवलेलं बरं.

एकाच मॉडेलच्या दोन रूपांच्या ऑन-रोड किमतीत ३ लाखांचा फरक असेल आणि महिन्याला १००० किलोमीटर शहरात होत असतील, तर वर्षाला सुमारे ६३,००० रुपये वाचतात आणि पावणेपाच वर्षांत फरक भरून निघतो. महिन्याला ४०० किलोमीटर असतील तर त्यालाच जवळपास बारा वर्षं लागतात. सर्व्हिसिंगची बचत यात धरलेली नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच नसल्याने ती असतेच, पण निर्णय तिच्यावर बेतू नका.

विजेच्या स्लॅबबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. ३०० युनिट ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने येतं, असं लोक धरून चालतात. घरगुती बिलात वरचा दर फक्त त्या टप्प्याच्या पुढच्या युनिटांना लागतो. महिन्याला १००० किलोमीटरला सुमारे १७५ युनिट लागतात. घराचा वापर १५० असेल तर वरच्या दराने जातात जेमतेम २५ युनिट. पण दोन एसी चालणाऱ्या घरात वापर आधीच ४०० च्या पुढे असेल, तर गाडीची सगळी युनिटं महागड्या टप्प्यात पडतील. अशा घराने स्वतंत्र ईव्ही मीटरचा विचार जरूर करावा.

दुसरी पायरी: पार्किंगची पाहणी

मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल ज्या वाटेने जाईल त्या वाटेने टेप धरून मोजा. सरळ रेषेत २० मीटर दिसणारं अंतर ट्रेमधून वळणं घेत सहज ४० होतं. वाटेत फायर डक्ट, गॅस बँक किंवा पाण्याची लाइन लागते का, हेही पाहा. फायर डक्टमधून केबल नेऊ नका, पुढे फायर ऑडिटमध्ये ती काढावी लागते.

स्टॅक किंवा पझल पार्किंग असेल तर सावध. प्लॅटफॉर्म वरखाली होत असताना चार्जिंगची गन लावून ठेवता येत नाही. त्यासाठी उत्पादकाकडूनच खास व्यवस्था करून घ्यावी लागते आणि ती महाग पडते. खालची स्थिर जागा बदलून मिळते का, हे आधी विचारा.

उघड्या जागेत धूळ आणि पाणी आत न घेणारा आयपी६५ दर्जाचा बॉक्स आणि वर छोटं छप्पर हवं. चार्जर जमिनीपासून चार फुटांवर बसवतात, पण सांगली, कोल्हापूर, चिपळूण किंवा मुंबईच्या सखल भागात इमारतीच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण कुठे आहे ते पाहून त्याच्या वर बसवा. मीटर बोर्ड आणि एमसीबीचा डबाही त्याच उंचीच्या हिशोबाने.

आता क्षमता. दोन पर्याय असतात: १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर आणि ३२ अँपिअर घेणारा ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा बसवलेला चार्जर. विक्रेता दुसराच सुचवेल. पण रात्री नऊ तास ३.३ किलोवॅटवर लावलेली गाडी बॅटरीत २६ युनिट घेते, म्हणजे शहरातले १७० किलोमीटर. रोज साठ-सत्तर किलोमीटर चालवणाऱ्याला १५ अँपिअरचा पॉइंट पुरून उरतो. सोसायटीची परवानगी, लोड वाढ, केबलचा खर्च, सगळंच त्यात हलकं होतं. मोठी बॅटरी, रोजचं दीडशे किलोमीटर रनिंग किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील तरच ७.२ घ्या.

तिसरी पायरी: केबल, एमसीबी आणि अर्थिंग

चार्जिंगच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी मात्र आठ-नऊ तास सलग पूर्ण करंट ओढते. गीझरला चालणारं वायरिंग गाडीला चालेलच असं नाही.

तांब्याची, तीन कोअरची आर्मर्ड केबल घ्या. ४० मीटर अंतराला ३२ अँपिअरवर ६ स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये वाटेतच सुमारे ९ व्होल्ट कमी होतात, म्हणजे ४ टक्के. संध्याकाळी व्होल्टेज आधीच २१० वर येणाऱ्या भागात हा फटका जाणवतो. चार्जर लो व्होल्टेज दाखवून थांबतो. तिथे १० स्क्वेअर एमएम टाका, घट साडेपाच व्होल्टवर येते. १५ अँपिअरच्या पॉइंटला त्याच अंतरावर ४ स्क्वेअर एमएम पुरते. अडीचची वायर टाकून पैसे वाचवू नका.

३२ अँपिअरच्या चार्जरला ४० अँपिअरचा, १५ च्या पॉइंटला २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, आणि तो या एकाच सर्किटचा असावा. बाजारात सहज मिळणारा एसी टाइपचा आरसीसीबी घेऊ नका. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर बाहेर ए टाइप चालतो. नसेल तर बी टाइप घ्यावा लागतो, तो बराच महाग असतो. म्हणून वॉलबॉक्स घेतानाच हे विचारा.

१५ अँपिअरच्या पॉइंटला घरातला साधा मॉड्युलर सॉकेट लावला तर काही महिन्यांत तो आतून तपकिरी पडतो, पिनची पकड सैल होते आणि एका रात्री प्लास्टिक वितळतं. निळा, गोल, औद्योगिक सॉकेट किंवा मेटलक्लॅड सॉकेट वापरा. चार्जिंग सुरू करून एका तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर टर्मिनल सैल आहे किंवा सॉकेट हलका आहे. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही.

अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढं व्होल्टेज दिसतं, जवळपास तेवढंच फेज आणि अर्थमध्ये दिसलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोड चालू असताना २-३ व्होल्टपेक्षा जास्त नको. तिथे आठ-दहा व्होल्ट दिसत असतील तर गाडी चार्जिंग नाकारेल, किंवा मध्यरात्री कधीतरी बंद पडून सकाळी अर्धीच भरलेली सापडेल. जुन्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा असतो. तीन मीटरच्या इलेक्ट्रोडचं नवं केमिकल अर्थिंग हा खरा इलाज. काही जण न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून चार्जर चालू करून देतात. हे जिवावर बेतणारं आहे. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या बॉडीत करंट उतरतो. असा उपाय सुचवणाऱ्याला काम देऊ नका.

चौथी पायरी: सोसायटी आणि वीज कंपनी

'चार्जिंग पॉइंटला परवानगी द्यावी' असा एका ओळीचा अर्ज केला की कमिटीला दहा शंका येतात. अर्जातच त्यांची उत्तरं द्या: पार्किंग क्रमांक, चार्जरचे किलोवॅट, केबलच्या वाटेचं साधं रेखाचित्र, काम करणाऱ्या परवानाधारक कंत्राटदाराचा क्रमांक, सगळा खर्च आपला, वीज आपल्याच मीटरवरून, फ्लॅट विकला तर पॉइंट काढून जागा पूर्ववत करू ही हमी. पार्किंग अलॉटमेंटचं पत्र जोडा. ते नसेल तर प्रकरण तिथेच अडतं.

वीज घेण्याच्या वाटा तीन. आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून वेगळी लाइन ओढणं सगळ्यात सोपं, फक्त मंजूर लोड तपासा. बिलावर तो किलोवॅटमध्ये छापलेला असतो. ३ किलोवॅट मंजूर असताना वर ७.२ टाकले तर लोड वाढवून घ्यावाच लागतो, आणि बहुतेक वेळा सिंगल फेजवरून थ्री फेजवर जावं लागतं. दुसरी वाट स्वतंत्र ईव्ही मीटरची. त्याचा दर वेगळा असतो, स्थिर आकारही वेगळा लागतो. वर काढलेल्या आपल्या वरच्या स्लॅबशी तुलना करून ठरवा. तिसरी, सोसायटीच्या कॉमन मीटरवरून सब-मीटर लावून. भाडेकरूंना ती सोयीची, पण दर महिन्याच्या वसुलीची पद्धत लेखी ठरवा.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर करता येतो. मुंबईत आपल्या भागाप्रमाणे बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर. ताजं बिल, सोसायटीची एनओसी आणि कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर बसलेला असेल तर बिलावर वेळेनुसार दर पाहा. दिवसा सवलत मिळत असेल तर गाडी घरी असलेल्या दिवशी टायमर त्या वेळेचा लावा.

कमिटीच्या सभासदांसाठी एक कळकळीची सूचना. पहिल्या चार जणांना ७.२ किलोवॅट देऊन पाचव्याला 'लोड संपला' सांगण्याची वेळ आणू नका. वीस गाड्या ७.२ ने म्हणजे १४४ किलोवॅट, त्याच ३.३ ने ६६. सुरुवातीलाच एक ईव्ही पॅनेल, एक मोठी फीडर केबल आणि लोड वाटून देणारी यंत्रणा बसवली तर प्रत्येकाची वेगळी केबल भिंतीवरून लोंबत नाही. आणि हे पॅनेल जनरेटरच्या बॅकअपवर घेऊ नका, लाइट गेल्यावर लिफ्टचा जनरेटर गाड्या भरण्यात बसेल.

पाचवी पायरी: आता गाडी

जाहिरातीतली रेंज एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) नावाच्या प्रमाणित चाचणीची असते. प्रत्यक्षात तिच्या ६५ ते ७५ टक्के धरा. त्यापेक्षा सोपं म्हणजे बॅटरीचे किलोवॅट-अवर, म्हणजे युनिट, पाहा, त्याला शहरासाठी साडेसहाने आणि हायवेसाठी साडेपाचने गुणा. ४० किलोवॅट-अवरची गाडी हायवेवर २२० किलोमीटर. त्यातले १५ टक्के नेहमी शिल्लक ठेवायचे, म्हणून हातात १८५. हे पुरत असेल तर याहून मोठी बॅटरी घेऊ नका. रोज न वापरलेल्या क्षमतेवर व्याज भरत बसाल.

टेस्ट ड्राइव्ह घरच्या स्पीडब्रेकरवरून घ्या, चार माणसं बसवून. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते आणि तिचं कवच घासणं महागात पडतं. स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट, हेही पाहा. बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का, हे नागपूर, अकोला, जळगावच्या खरेदीदारांनी पहिल्यांदा विचारावं. ४४ अंशांत साध्या हवेवर थंड होणारी बॅटरी फास्ट चार्जिंगचा वेग बराच खाली आणते. वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. किती टक्के क्षमता उरली की बॅटरी बदलून मिळेल, ही ओळ पुस्तिकेत शोधून वाचा.

घाट आणि लांबचा प्रवास

घाट चढताना टक्के भराभर उतरतात म्हणून लोक घाबरतात. खोपोली ते लोणावळा चढ साधारण ५५० मीटर. माणसं-सामानासह १९०० किलोची गाडी एवढी वर चढवायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली तूट धरून सव्वातीन. म्हणजे ४० च्या बॅटरीतले आठ टक्के, नेहमीच्या अंतराच्या खर्चाशिवाय. परत उतरताना रीजनमुळे, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरते त्यामुळे, त्यातले दोनेक युनिट परत येतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून १०० टक्क्यांवर पसरणी घाट उतरायला घेतला, तर बॅटरीत जागाच नसते. रीजन चालत नाही, ऊर्जा परत मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावरून निघताना ८५-९० टक्क्यांवर थांबा.

हायवेवर रेंज खातो तो वेग. ९० वरून १२० वर गेलात की हवेचा अडथळा पावणेदोन पट होतो. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून तेवढ्याने गेलात तर चार्जिंगला जास्त वेळ थांबावं लागेल आणि एकूण प्रवास लांबेल. ९० ते ९५ हा वेग परवडतो.

उदाहरण म्हणून पुणे-कोल्हापूर, २३० किलोमीटर, ४० ची बॅटरी. घरून १०० टक्के भरून निघा. कराडला १६० किलोमीटरवर सुमारे ३० टक्के उरतील. तिथे ३० ते ७० टक्के भरायला साधारण अर्धा तास, तेवढ्यात जेवण होतं. कोल्हापूरला पोहोचताना ३५-४० टक्के शिल्लक. साताऱ्यालाच थांबलात तर बॅटरी अर्धी भरलेली असते आणि चार्जर हळू चालतो. फास्ट चार्जरचा वेग कमी टक्क्यांवर जास्त असतो. ८० च्या पुढे तो इतका घसरतो की थांबणं वेळेचा अपव्यय आहे.

चार्जर निवडताना ६० किलोवॅटचा फलक पाहून फसू नका. दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर अनेक मशीन प्रत्येकी ३० देतात. निघण्याआधी अ‍ॅपमध्ये त्या चार्जरवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते पाहा, दोन-तीन कंपन्यांच्या अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे ठेवा आणि पहिला बंद निघाला तर गाठता येईल असा दुसरा हेरून ठेवा. कोकणात मुंबई-गोवा महामार्ग सोडून आत गेलात की फास्ट चार्जर विरळ होतात. तिथे मुक्कामाच्या ठिकाणी अर्थिंगवाला १५ अँपिअरचा पॉइंट आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

कागदपत्रं आणि पैसे

खासगी इलेक्ट्रिक कारला हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. पीयूसी लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. फास्टॅगच्या नोंदीत गाडी इलेक्ट्रिक म्हणून दिसते का ते तपासा, नाहीतर पैसे कापले जातात. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली ८०ईईबी वजावट काही विक्रेते अजून सांगतात. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

इन्शुरन्समध्ये झीरो डेप्रिसिएशनसोबत बॅटरी आणि चार्जरचं कव्हर वेगळं घ्या, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात लेखी येतं का ते पाहा. आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. तुंबलेल्या सबवेत गाडी घालण्याचा परवाना नव्हे.

हातात आल्यावर

इलेक्ट्रिक गाडी रस्त्यात बंद पडण्याचं नेहमीचं कारण मोठी बॅटरी नसते, छोटी १२ व्होल्टची असते. ती बसली की दरवाजे, स्क्रीन, काहीच उठत नाही. तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्या. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. चाकं जमिनीवर ठेवून ओढल्यास मोटर खराब होते.

रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि कोकणच्या दमट हवेत डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा जोरात ब्रेक मारा. कूलंट कमी दिसलं तर नळाचं पाणी ओतू नका. एलएफपी आणि एनएमसी हे बॅटरीतल्या रसायनाचे दोन प्रकार. बॅटरी एलएफपी असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के भरा, त्याशिवाय टक्क्यांचा आकडा खरा राहत नाही. एनएमसी असेल तर रोज ८० पुरे. गावाला महिनाभर जाताना ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून जा.

जुनी पेट्रोल कार एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई करू नका. मीटर बसून पार्किंगमध्ये पहिलं पूर्ण चार्जिंग झालं की मगच द्या. देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून डीलरकडून ताबा घेतल्याची तारीख-वेळेची पावती घ्या आणि आरसीवर नाव बदलेपर्यंत परिवहनच्या संकेतस्थळावर पाहत राहा. तोवर येणारं प्रत्येक चलान तुमच्याच नावावर पडतं.